वाचकांचे प्रश्न: परत न येणारं रॉकेट कसं बांधतात?

पीएसएलव्ही, म्हणजे एकदाच वापरायचं आपलं उपग्रहवाहक रॉकेट, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी उड्डाणापेक्षा बांधणीबद्दल विचारलं आहे, याचा आम्हाला विशेष आनंद वाटला. उड्डाण वीस-पंचवीस मिनिटांत संपतं. त्याचं यशापयश मात्र बऱ्याच अंशी त्याआधी महिनोन्‌महिने कारखान्यांत ठरलेलं असतं.

आम्ही इंदापूर तालुक्यातले. वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेट बनतं, असं लहानपणापासून ऐकतो. अख्खं रॉकेट बनतं की एखादा भाग?

भाग बनतो, पण तो रॉकेटचा सगळ्यात जड भाग. पीएसएलव्हीचे एकावर एक चार टप्पे असतात; एकाचं काम संपलं की तो गळून पडतो आणि पुढचा पेटतो. ४४.४ मीटर उंच पीएसएलव्हीचं एक्सएल रूप, म्हणजे सहा बूस्टर (बाजूला जोडलेली छोटी मदतनीस रॉकेटं) असलेलं, उड्डाणाच्या क्षणी सुमारे ३२० टन भरतं. त्यातलं जवळजवळ १३९ टन नुसतं घन इंधन पहिल्या टप्प्यात असतं. म्हणूनच त्या मोटरचं (घन इंधनाच्या इंजिनाला मोटर म्हणतात) नाव एस-१३९. हे इंधन ज्या पोलादी नळकांड्यात असतं त्याला मोटर केसिंग म्हणतात. व्यास २.८ मीटर, लांबी वीस मीटरच्या आसपास, आणि हे केसिंग पाच तुकड्यांत बनतं. वालचंदनगर इंडस्ट्रीज एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रहवाहक रॉकेटच्या काळापासून इस्रोसाठी अशी केसिंग करत आली आहे.

पोलाद साधं नाही. मारेजिंग स्टील, प्रत एम-२५०. त्यात सुमारे १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि थोडं टायटॅनियम. कार्बन जवळजवळ नाहीच. हैदराबादची मिधानी ही सरकारी कंपनी हा मिश्रधातू पुरवते. नेहमीच्या पोलादाला कार्बनमुळे ताकद येते. इथे ती 'एजिंग'मधून येते. सगळी वळणं, कातकाम आणि वेल्डिंग धातू तुलनेनं मऊ असताना उरकायचं आणि मग भट्टीत ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास ठेवायचं. धातूच्या आत बारीक कण तयार होतात आणि ताकद दुपटीच्या घरात जाते. या प्रक्रियेत माप किंचित आक्रसतं. किती आक्रसेल हे आधी माहीत असावं लागतं, कारण नंतर कातायला गेलं तर हत्यारं झिजतात आणि माप साधत नाही.

चुकतं ते बहुधा वेल्डिंगमध्ये. वेल्डच्या आजूबाजूचा पट्टा तापून मऊ पडतो, म्हणून त्यावर एजिंग नीट झालं पाहिजे. वेल्डमध्ये हवेचा बुडबुडा किंवा न मिसळलेला भाग राहिला, दोन कडा समोरासमोर न बसता अर्धा मिलिमीटर वरखाली बसल्या, तर ताण नेमका तिथे गोळा होतो. इतक्या उच्च ताकदीच्या पोलादात बारीकशी चीरही पुरते. म्हणून प्रत्येक वेल्डची क्ष-किरण आणि अल्ट्रासॉनिक तपासणी होते. त्यानंतर केसिंगमध्ये पाणी भरून, उड्डाणात येईल त्याहून जास्त दाब देऊन ते धरून ठेवतात. दाब चढत असताना बाहेर लावलेले सेन्सर धातूतून येणारे सूक्ष्म आवाज टिपत असतात. चीर वाढू लागली की आधी तिचा आवाज येतो, डोळ्याला ती नंतर दिसते.

तुकड्यांचे सांधे हा वेगळा विषय. एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते, भोवतीनं पिना जातात आणि गळती रोखायला रबरी ओ-रिंग असतात. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर यान कोसळलं ते अशाच घन बूस्टरच्या सांध्यातली ओ-रिंग थंडीनं ताठरल्यामुळे. श्रीहरिकोटाला तशी थंडी नाही, पण खाचेत एक केस, रेतीचा एक कण किंवा ओ-रिंगला पीळ राहिला तरी गरम वायूला वाट मिळते. जोडणीनंतर दोन ओ-रिंगांमधल्या जागेत दाब देऊन गळती तपासतात.

मग पीएसएलव्हीचा निर्माता नक्की कोण? इस्रो, एचएएल, लार्सन अँड टुब्रो की गोदरेज? प्रत्येक बातमीत वेगळं नाव असतं. (ठाणे)

प्रत्येक बातमी आपापल्या परीनं बरोबर असते. आराखडा तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा. द्रव इंधनाचे टप्पे इस्रोच्या द्रव प्रणोदन केंद्राचे. दुसऱ्या टप्प्याच्या 'विकास' इंजिनाचं आणि चौथ्या टप्प्याच्या इंजिनांचं काम विक्रोळीच्या गोदरेजकडे अनेक वर्षं आहे. टाक्या आणि सांगाड्याचे भाग बंगळुरूच्या एचएएल या सरकारी विमाननिर्मिती कंपनीकडे, मोटर केसिंग वालचंदनगर आणि लार्सन अँड टुब्रोकडे. याशिवाय व्हॉल्व्ह, वायरिंगचे जुडगे, रबर, इलेक्ट्रॉनिक कार्ड पुरवणारे अनेक छोटे उद्योग आहेत. जोडणी मात्र इस्रो स्वतः श्रीहरिकोटाला करत असे. कारखान्याची भूमिका 'आराखडा द्या, आम्ही भाग करून देतो' इतकीच होती.

हे चित्र २०२२ पासून बदलू लागलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इस्रोच्या व्यापारी शाखेनं, न्यूस्पेस इंडिया लिमिटेडनं, एचएएल आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या संयुक्त गटाला पाच पीएसएलव्ही-एक्सएल बांधण्याचं सुमारे ८६० कोटींचं कंत्राट दिलं. त्यामुळे भाग गोळा करणं, त्यांची गुणवत्ता राखणं, वेळापत्रक सांभाळणं ही जबाबदारी उद्योगाकडे गेली. आमच्या मते हाच खरा बदल. स्वतःचा भाग उत्तम बनवणं ही एक गोष्ट. दुसऱ्याचा भाग आपल्या भागाला नीट जुळतो की नाही, याची हमी घेणं ही दुसरी, आणि तीच अधिक अवघड.

महाराष्ट्राचा आणखी एक दुवा नोंदवायला हवा. पीएसएलव्ही प्रकल्पाला मंजुरी मिळाली १९८२ च्या सुमारास. तेव्हा विक्रम साराभाई केंद्राचे संचालक डॉ. वसंत गोवारीकर होते. घन इंधन हा त्यांचा अभ्यासाचा आणि आग्रहाचा विषय. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा इतका मोठा घन टप्पा असण्यामागे त्या काळात देशात उभी राहिलेली ही विद्या आहे.

घन इंधन कसं भरतात? दिवाळीच्या बाणात दारू ठासतात तसं का? (सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी हवं आहे, कोल्हापूर)

ठासत नाहीत, ओततात. बाणातली दारू कोरडी भुकटी असते. इथलं इंधन भरताना दाट काकवीसारखं वाहतं आणि नंतर गोठून कडक रबर होतं. विद्यार्थ्यांना हा फरक आधी सांगावा, पुढचं सगळं त्यावरून उलगडतं.

मिश्रणात तीन मुख्य घटक. सगळ्यात जास्त, म्हणजे साधारण दोन तृतीयांश, अमोनियम परक्लोरेट. जळायला लागणारा ऑक्सिजन त्यातून मिळतो. मग अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड, जिच्यामुळे ज्वाळेचं तापमान वाढतं. आणि या दोन्हींना बांधून ठेवणारं एचटीपीबी नावाचं रबर, जे स्वतःही जळतं. क्रम असा:

आधी केसिंग आतून स्वच्छ करून त्यावर उष्णता रोखणाऱ्या रबराचा थर चिकटवतात, कारण ज्वाळेचं तापमान पोलाद वितळण्याच्या कितीतरी वर असतं. त्या रबरावर 'लायनर'चा पातळ थर देतात, त्यामुळे इंधन रबराला चिकटतं. मध्यभागी साचा उभा करतात. मोठ्या मिक्सरमध्ये मिश्रण घोळतात. हे काम माणसांना दूर ठेवून, दुसऱ्या इमारतीतून नियंत्रण करून होतं. मिश्रण निर्वातात ओततात, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. नंतर कित्येक दिवस ऊबदार तापमानात ठेवून रबर पिकू देतात. शेवटी मधला साचा ओढून काढतात आणि तिथे पोकळी उरते.

ती पोकळी म्हणजे या मोटरचं इंजिनच. इंधन टोकाकडून मागे जळत जात नाही. पोकळीच्या भिंतीवर सगळीकडे एकदम पेटतं आणि बाहेरच्या दिशेनं सेकंदाला काही मिलिमीटर या गतीनं जळत जातं. एका क्षणी किती पृष्ठभाग उघडा आहे, त्यावर दाब आणि रेटा ठरतो. पोकळीला चांदणीसारखा आकार दिला की सुरुवातीचा पृष्ठभाग वाढतो. कोणत्या सेकंदाला किती रेटा हवा, हे साच्याच्या आकारातच कोरून ठेवलेलं असतं. एकदा पेटल्यावर त्यात बदल होत नाही.

आता चुकतं कुठे ते पाहू. इंधनात चीर पडली तर ज्वाळा चिरेत शिरते, जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि केसिंग फुटू शकतं. इंधन लायनरपासून सुटलं तर ज्वाळा वेळेआधी केसिंगच्या भिंतीपर्यंत पोहोचते. अमोनियम परक्लोरेटचे दाणे ठरल्यापेक्षा बारीक असले तर इंधन वेगानं जळतं. मिश्रणात ओल राहिली तर चिकटपणा कमी पडतो. साचा ओढताना घाई झाली तर पोकळीच्या कोपऱ्यांत फाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या मोटरची चाचणी घेऊन मग ती वापरता येत नाही. विकास इंजिन महेंद्रगिरीच्या चाचणी केंद्रात पेटवून पाहता येतं. घन मोटर एकदा पेटवली की संपली. म्हणून प्रत्येक घोळातून, म्हणजे एका वेळी तयार केलेल्या मिश्रणातून, नमुने काढून ठेवतात. छोट्या मोटरमध्ये भरून जळण्याचा वेग मोजतात, पट्ट्या ताणून किती ताणावर तुटतात ते पाहतात, आणि भरलेल्या तुकड्याचे क्ष-किरणांनी फोटो काढून आत पोकळी किंवा सुटलेला भाग नाही ना हे शोधतात. विश्वास ठेवायचा तो या कागदांवर. म्हणून या धंद्यात नोंदवहीला मोटरइतकीच किंमत आहे.

घन मोटर बंद करता येत नाही, नोझलही हलत नाही असं वाचलं. मग दिशा कशी बदलतात? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, औरंगाबाद)

पहिल्या टप्प्यात पद्धत फार सुंदर आहे. नोझल, म्हणजे वायू बाहेर पडण्याचं तोंड, स्थिरच असतं, पण त्याच्या भिंतीत चोवीस व्हॉल्व्ह असतात. रॉकेट ज्या बाजूला वळवायचं त्यानुसार एका बाजूचे व्हॉल्व्ह उघडतात आणि स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं पाण्यातलं द्रावण वेगानं बाहेर पडणाऱ्या वायूत फवारलं जातं. द्रावण तिथे वाफ होऊन अडथळा निर्माण करतं, प्रवाहात धक्क्याची लाट उठते, त्या बाजूच्या भिंतीवर दाब वाढतो आणि रेटा एका बाजूला झुकतो. द्रावणाच्या टाक्या पहिल्या टप्प्याच्या बाहेर लावलेल्या असतात. छायाचित्रात बूस्टरांपेक्षा बारीक दोन नळकांडी दिसतात, त्या याच.

दुसऱ्या टप्प्यात विकास इंजिन गिंबलवर, म्हणजे वळू देणाऱ्या सांध्यावर, काही अंश झुकतं. हे इंजिन यूएच-२५ हे हायड्राझिन प्रकारचं इंधन आणि ते जाळणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड यांच्यावर चालतं. दोन्ही एकमेकांना लागताच पेटतात, ठिणगी लागत नाही. रेटा सुमारे ८०० किलोन्यूटन. दोन्ही द्रव विषारी आहेत, म्हणून ते भरण्याचं काम प्रक्षेपणाच्या आदल्या तासांत, ठरलेल्या क्रमानं आणि परिसर रिकामा करून होतं. तिसरा टप्पा पुन्हा घन, पण त्याचं नोझल लवचीक रबरी सांध्यावर दोन अंशांपर्यंत वळतं. चौथ्या टप्प्यात दोन छोटी इंजिनं, प्रत्येकी सात किलोन्यूटनच्या आसपास, आणि फक्त अडीच टन इंधन. ताकद कमी, पण अचूकपणा इथेच मिळतो, कारण ही इंजिनं हवं तेव्हा बंद करता येतात आणि पुन्हा चालू करता येतात. खालच्या तीन टप्प्यांत गतीत जी काही कमीजास्त झाली असेल, तिचा हिशेब चौथा टप्पा मिटवतो.

सहा बूस्टर दिसतात, पण उडताना चारच पेटलेले असतात. दोन बिघडलेले असतात का?

नाही. एक्सएल रूपात चार बूस्टर जमिनीवर पेटतात आणि उरलेले दोन उड्डाणानंतर सुमारे पंचविसाव्या सेकंदाला हवेत पेटतात. सहाही एकदम पेटवले तर दाट हवेत वेग फार लवकर वाढून रॉकेटवरचा ताण वाढेल. प्रत्येक बूस्टरमध्ये बारा टनांच्या आसपास घन इंधन असतं. उपग्रह हलका असेल तर दोन बूस्टरांचं डीएल, चार बूस्टरांचं क्यूएल किंवा एकही बूस्टर नसलेलं सीए रूप वापरतात.

मे २०२५ मध्ये आणि नंतर पुन्हा पीएसएलव्ही अपयशी ठरलं. इतक्या जुन्या, भरवशाच्या रॉकेटला असं का व्हावं? (नाशिक, आणि याच अर्थाची आणखी पत्रं)

आधी इतिहास थोडक्यात, कारण प्रत्येक अपयशानं वेगळा धडा दिला आहे.

२० सप्टेंबर १९९३ चं पहिलं उड्डाण फसलं. दुसरा टप्पा सुटताना रॉकेटला हिसका बसला आणि तो सावरण्याच्या संगणक-आज्ञेत दोष होता. आज्ञेचं मूल्य ठरलेल्या कमाल मर्यादेपलीकडे गेल्यावर काय करायचं, हे नीट लिहिलेलं नव्हतं. मुख्य मोटरी आणि इंजिनं यांनी त्यांचं काम केलं होतं. साधारण वर्षभरानं, ऑक्टोबर १९९४ मध्ये, दुसरं उड्डाण यशस्वी झालं. सप्टेंबर १९९७ मध्ये चौथ्या टप्प्यात हेलियमची गळती झाली, रेटा कमी पडला, आणि आयआरएस-१डी हा उपग्रह वर्तुळाकार कक्षेऐवजी लांबट कक्षेत गेला. उपग्रहाला स्वतःचं इंधन खर्चून वर यावं लागलं. ३१ ऑगस्ट २०१७ ला टप्पे सगळे नीट चालले, पण उपग्रहावरचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही. साधारण एक टनाचा नको असलेला बोजा शेवटपर्यंत वाहिला गेला आणि आयआरएनएसएस-१एच हा दिशादर्शक उपग्रह आतच अडकला.

१८ मे २०२५ ला सी-६१ या मोहिमेत, पीएसएलव्हीच्या त्रेसष्टाव्या उड्डाणात, तिसऱ्या टप्प्याच्या मोटरमधला दाब जळण सुरू असतानाच घसरला आणि ईओएस-०९ हा पृथ्वी-निरीक्षण उपग्रह गमावला. १२ जानेवारी २०२६ ला सी-६२ मध्येही तिसऱ्याच टप्प्याच्या अखेरीस बिघाड झाला.

तिसरा टप्पा वेगळा का आहे, ते समजून घेतलं पाहिजे. त्याचं केसिंग पोलादाचं नाही. केव्हलारचे धागे रेझिनमध्ये भिजवून साच्यावर गुंडाळून ते बनवतात. कारण साधं आहे. पहिल्या टप्प्यात एक किलो वजन वाचवलं तर उपग्रहासाठी फारच थोडं वजन हाती येतं. वरच्या टप्प्यात वाचवलेला किलो जवळजवळ पूर्णच उपग्रहाच्या वाट्याला येतो. म्हणून वर हलकं केसिंग हवं. पण धाग्याच्या केसिंगला पोलादासारखी उष्णता सोसत नाही. आतला रबरी थर आणि त्याची चिकट यांच्यावर सगळा भरवसा असतो.

घन मोटरमधला दाब दोन गोष्टींवर ठरतो: जळणारा पृष्ठभाग आणि नोझलच्या गळ्याचा आकार. पृष्ठभाग वाढला की दाब चढतो. दाब अचानक घसरला तर सर्वसाधारणपणे वायूला दुसरीकडून वाट मिळालेली असते, किंवा गळा ठरल्यापेक्षा जास्त झिजलेला अथवा तुटलेला असतो. तपास करणाऱ्यांच्या हाती असतात ते दाब, तापमान, कंपनं आणि वळण्याचा वेग यांचे आकडे. तुकडे समुद्राच्या तळाशी. त्यामुळे आकड्यांवरून शंका काढायची, मग त्याच घोळातले जपून ठेवलेले नमुने, त्याच कारागिरांच्या नोंदी, त्याच दिवशीच्या भट्टीचे आलेख तपासायचे, आणि जमिनीवर मोटर पेटवून तो बिघाड मुद्दाम घडवून पाहायचा.

'जुनं म्हणून भरवशाचं' हे अर्धंच खरं आहे. आराखडा जुना असतो, मोटर दर वेळी नवी. रबराचा पुरवठादार बदलतो, अनुभवी हात निवृत्त होतात, साच्याची झीज होते. म्हणून तपासाचे निष्कर्ष पूर्णपणे जाहीर व्हावेत असं आम्हाला मनापासून वाटतं. आता बांधणी उद्योगाकडे जाते आहे. चूक कुठल्या टेबलावर झाली हे त्या टेबलावर बसणाऱ्यांनाच कळलं नाही, तर ती पुन्हा होईल.

दुसऱ्या देशांची रॉकेटं परत येऊन उतरतात. पीएसएलव्ही तसं का करत नाही?

आराखड्यातच ते नाही. परत उतरायला इंजिन बंद करून पुन्हा पेटवता आलं पाहिजे आणि रेटा कमी-जास्त करता आला पाहिजे. एस-१३९ यातलं काहीच करू शकत नाही. सुमारे ११० सेकंदांत त्याचं काम संपतं आणि ते बंगालच्या उपसागरात पडतं. पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकात पहिला टप्पा परत आणण्याचा इस्रोचा बेत आहे. 'पुष्पक' या पंख असलेल्या यानाच्या चित्रदुर्गजवळच्या उतरण्याच्या चाचण्या २०२३ आणि २०२४ मध्ये यशस्वी झाल्या.

चौथ्या टप्प्याचा मात्र आता पुनर्वापराकडे झुकणारा उपयोग होतो. उपग्रह सोडल्यावर तो टाकून न देता सौर पट्ट्या आणि नियंत्रण जोडून त्यावर प्रयोग चालवतात. याला पोएम म्हणतात. पहिला पोएम जून २०२२ मध्ये उडाला. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर चवळीचं बी अंतराळात रुजलं. पोएम-३ ची कक्षा आधीच ३५० किलोमीटरपर्यंत खाली आणली होती, त्यामुळे मार्च २०२४ मध्ये तो वातावरणात येऊन जळाला आणि कक्षेत कचरा राहिला नाही.

श्रीहरिकोटावरून रॉकेट थेट दक्षिणेला का जात नाही?

कारण वाटेत श्रीलंका आहे. ध्रुवीय कक्षेसाठी दक्षिणेला जायचं असतं, पण जळालेले टप्पे वस्तीवर पडता कामा नयेत. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेकडे जातं आणि समुद्रावर गेल्यावर उजवीकडे वळतं. या वळणात बराच वेग खर्ची पडतो आणि उपग्रहाचं वजन कमी करावं लागतं. तमिळनाडूतल्या कुलशेखरपट्टिणमला छोट्या रॉकेटांसाठी नवा तळ उभारला जात आहे. तिथून थेट दक्षिणेला समुद्रच आहे.

आमच्या कॉलेजात लहान उपग्रह करायचा विचार आहे. पीएसएलव्हीवर जागा कशी मिळते? कुठे अडतं? (प्राध्यापिका, पुणे)

पुण्यात याचा पाया आधीच घातला गेला आहे. सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्‌', वजन जेमतेम एक किलो, २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा दहा किलोचा 'प्रथम' सी-३५ वरून गेला. त्या मोहिमेत चौथा टप्पा पुन्हा पेटवून एकाच उड्डाणात दोन वेगळ्या कक्षांत उपग्रह सोडले होते. तिथल्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांना गाठा. त्यांच्या जुन्या आराखड्यांतून आणि चुकांतून तुमचं वर्षभराचं काम वाचेल.

क्रम साधारण असा. आधी हेतू ठरवा. उपग्रहानं एकच काम करावं आणि ते एका वाक्यात सांगता यावं. मग आकार. दहा सेंटिमीटरचा घन हे क्यूबसॅटचं, म्हणजे ठरीव मापाच्या छोट्या उपग्रहाचं, मूळ माप आहे आणि त्याला ठरलेल्या पेटीतून सोडण्याची सोय असते. कोणत्याही बिगरसरकारी अंतराळ मोहिमेला इन-स्पेस या सरकारी संस्थेची परवानगी लागते. रेडिओच्या वारंवारितेची परवानगी वेगळी, आणि हौशी रेडिओचा पट्टा वापरणार असाल तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेशी समन्वय करावा लागतो. हे अर्ज उपग्रह तयार झाल्यावर नव्हे, काम सुरू करतानाच द्या. कॉलेजांचे प्रकल्प सर्किटपेक्षा कागदांत जास्त अडकतात.

उपग्रह तयार झाल्यावर कंपनाची चाचणी, आणि निर्वातात गरम-थंड करण्याची चाचणी. रॉकेटवाल्यांची पहिली काळजी ही की तुमचा उपग्रह मुख्य उपग्रहाला इजा करणार नाही. सुटलेला स्क्रू, फुगणारी बॅटरी, आधीच उघडणारा अँटेना यांना तिथे क्षमा नाही. प्रत्येक स्क्रूला ठरलेला पीळ द्या आणि चिकटद्रव्यानं पक्का करा. पेटीत असताना उपग्रह पूर्ण बंद असावा. बाहेर पडल्यावर दाबकळ सुटून तो चालू व्हावा. क्यूबसॅटच्या प्रचलित नियमाप्रमाणे सुटल्यानंतर निदान अर्धा तास अँटेना उघडायचा नाही आणि पाऊण तास रेडिओ चालू करायचा नाही.

वर गेल्यावर अडतं ते बहुधा तीन ठिकाणी. अँटेना बांधलेला दोरा जळत नाही, कारण निर्वातात आणि थंडीत तापणारी तार जमिनीवरच्यापेक्षा वेगळी वागते. हा प्रयोग निर्वात पेटीत, बॅटरी अर्धी असताना, पुन्हा पुन्हा करा. दुसरं, सावलीत बॅटरी उतरते आणि संगणक बंद-चालूच्या फेऱ्यात सापडतो. तिसरं, जमिनीवरचं केंद्र. उपग्रह बोलतो, पण ऐकणारी यंत्रणा जुळलेली नसते. केंद्र आधी उभारा आणि इतरांच्या उपग्रहांचे संदेश टिपून सराव करा.

फक्त एखादं उपकरण अंतराळात तपासायचं असेल, तर स्वतंत्र उपग्रहाऐवजी पोएमचा विचार करा. वीज आणि स्थिरता चौथ्या टप्प्याकडून मिळते. नव्यानं सुरुवात करणाऱ्या गटाला आम्ही हाच मार्ग सुचवू.

मुलांना उड्डाण प्रत्यक्ष दाखवायचं आहे. महाराष्ट्रातून कसं जावं?

श्रीहरिकोटाच्या सतीश धवन केंद्रात २०१९ पासून प्रेक्षकांसाठी सज्जा आहे. इस्रोच्या संकेतस्थळावर उड्डाणाच्या काही दिवस आधी नोंदणी उघडते. नोंदणी मोफत असते, पण जागा लवकर भरतात. मुंबई किंवा पुण्याहून रेल्वेनं चेन्नई, तिथून लोकलनं सुळ्ळूरपेटा, आणि पुढे पुलिकत सरोवरातून जाणारा साधारण वीस किलोमीटरचा रस्ता. नोंदणीत दिलेलं ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवा. उड्डाण शेवटच्या तासातही पुढे जाऊ शकतं, म्हणून परतीचं तिकीट निदान दोन दिवस नंतरचं काढा. मुलांना आधीच सांगून ठेवा की आधी ज्वाळा दिसेल आणि आवाज काही सेकंदांनी येईल. सज्जा प्रक्षेपण-तळापासून काही किलोमीटर दूर आहे.